उठायचं कारण नसलेली जागा

पत्र

प्रिय ताई,

मी घणसोलीला राहते, वय ३८. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची मशीन असतात, त्यांची सर्व्हिसिंग करते. महिन्यातले दहा-बारा दिवस बाहेर असते. नाशिक, रत्नागिरी, कोल्हापूर, कधी थेट लातूर. सासऱ्यांचं मिठागर होतं, ते नवी मुंबई वसवताना सिडकोत गेलं. त्यावर एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ऑगस्टअखेर पाठवा म्हणून सांगितलंय. आत्तापर्यंत झाली अकरा पानं. घरी लिहिणं होत नाही. घरचे चांगले आहेत, कुणी काही म्हणत नाही, पण मीच सारखी उठते. म्हणून प्रवासात लिहायचं ठरवलं, तर तिथेही जागा सापडेना. लॉजच्या खोलीत कोंडल्यासारखं होतं, हॉटेलात एकटीने बसायचा संकोच वाटतो, गाडीत लोक वहीत डोकावतात. मिस्टर म्हणतात, चार दिवस रजा काढ, समुद्रासमोर खोली घेऊ, एकदाच काय ते लिहून टाक. जावं का? प्रवासात लिहायला चांगली जागा शोधायची तरी कशी?

फिरस्ती, घणसोली

उत्तर

प्रिय फिरस्ती,

पत्र दोनदा वाचलं आणि 'मीच सारखी उठते' या तीन शब्दांखाली रेघ मारली. जागेचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण उत्तर अगोदरच लिहून बसला आहात.

घरात आपल्याला कुणी उठवत नाही, घरच उठवतं. तिसरी शिट्टी झाली का, दूध उतू जाईल, गॅलरीतले कपडे भिजतील, पार्सलवाल्याने बेल दाबली. प्रत्येक काम दोन मिनिटांचं. पण दोन मिनिटांनी परत येऊन बसावं, तर मिठागराच्या बांधावर उभे असलेले सासरे तोवर कुठेतरी निघून गेलेले असतात. तेव्हा प्रवासात छान जागा शोधू नका. जिथून उठायचं काही कारणच तुमच्याकडे नाही, ती जागा शोधा. शांतता, वारा, खिडकीबाहेरचं हिरवंगार वगैरे असलं तर असो.

हे ऐकीव सांगत नाही. एका बँकेच्या तपासणी विभागात माझी २६ वर्षं गेली. शाखा तपासत महाराष्ट्रभर फिरले आणि फिरता फिरता लिहिलं. पानाच्या उजव्या कोपऱ्यात गाव, जागा आणि वेळ टाकायची मला सवय, तपासनिसाची खोड म्हणा. तुमचं पत्र आल्यावर रविवारी माळ्यावरून त्या वह्या काढल्या. जी पानं पुढे जवळजवळ तशीच्या तशी छापून आली, त्यांच्या कोपऱ्यात काय आहे बघा. 'पनवेल, फलाट, गाडी ५० मि. लेट.' 'परळी, शाखेतली स्टेशनरीची खोली, जेवणाची सुट्टी.' 'कराड, एसटी स्टँड, कॅन्टीनमागचं बाकडं.' एकही जागा फोटो काढण्यासारखी नाही. आणि चार दिवसांची रजा टाकून, पैसे मोजून मी दापोलीकडे समुद्रासमोर खोली घेतली होती, त्या चार दिवसांच्या नावावर दीड पान. त्या दीड पानातही समुद्रच. भरती, ओहोटी, पुन्हा भरती.

म्हणून मिस्टरांना सांगा, कल्पना छान आहे, पण कथा पुरी होऊ दे. पहिला खर्डा हातात आल्यावर समुद्रावर जा, लाल पेन घेऊन जा, मासे खा. कोऱ्या वहीने जाऊ नका. एवढे पैसे भरलेत, आता लिहिलंच पाहिजे, हा धाकही तिथे उठून फिरायला लावतो.

आता गाडीचं. रत्नागिरीची फेरी तुमच्या सगळ्यात कामाची. पनवेलहून साधारण पाच तास, आणि सध्या कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असल्याने गाड्या सावकाश जातात, म्हणजे थोडे जास्तच. स्लीपरचं तिकीट काढताना साइड लोअर मागा. ७, १५, २३, ३१ असे आठ-आठने पुढे जाणारे नंबर. दिवसा त्या बर्थच्या समोरासमोर दोन सीट होतात, म्हणजे तुमच्यासमोर फार तर एक माणूस. आतल्या बाजूला सहा जणांचा संसार मांडलेला असतो, डबे उघडतात, कुणाचा तरी मुलगा कुठल्या तरी परीक्षेला बसलेला असतो, आणि तुम्हालाही एक चकली घ्यावीच लागते. आरएसी मिळालं तर साइड लोअर दोघांत वाटून घ्यावी लागते, तीही चालेल. रात्रीच्या गाडीत मात्र आतली खालची बर्थ लिहायला निरुपयोगी. दहा वाजले की मधली बर्थ लागते आणि मान सरळ ठेवून बसताच येत नाही.

चेअर कार असेल तर पुढच्या सीटच्या पाठीला टेबल असतं, ते चांगलं. पण कडेची सीट घेतलीत तर खिडकीवाल्या माणसाला दरवेळी उठून वाट द्यावी लागते, म्हणजे आलं पुन्हा उठणं. खिडकीची घेतलीत तर तुम्ही कोकण बघत बसणार. मी खिडकी घ्यायचे आणि पडदा ओढायचे. शेजारचे प्रवासी माझ्याकडे वेड्यासारखे बघायचे, ते सोसावं लागतं. बोगदे लागले की तसंही काही दिसत नाही आणि फोनची रेंजही जाते. रत्नागिरीच्या अलीकडे, उक्षी आणि भोके यांच्या मधला करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यात एक परिच्छेद होतो. मी करून बघितलंय.

डोकावणाऱ्यांचं म्हणाल तर गाडीत लॅपटॉप उघडू नका, वहीत लिहा. स्क्रीन तीन सीटवरून वाचता येते, तुमचं अक्षर शेजाऱ्यालाही लागत नाही. अक्षर वाईट असेल तर देवाची कृपाच. आणि कुणी विचारलंच, 'काय लिहिताय एवढं?' तर 'हिशेब' म्हणायचं. हिशेबाबद्दल पुढचा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. कथा म्हणालात की समोरच्याच्या मेहुण्याच्या आयुष्यावर एक कादंबरी होण्यासारखी असते.

एसटीत लिहू नका. मान खाली घातली की पहिल्याच वळणाला पोटात ढवळतं, घाटात तर विचारूच नका. एसटीत पात्रांचं बोलणं मनात घोळवावं आणि उतरल्या उतरल्या स्टँडवर टिपून काढावं. फोनवर रेकॉर्ड करायची युक्ती मी एकदा केली, ठाण्याच्या खोपट स्टँडहून निघालेल्या गाडीत. शेजारच्या बाई सगळं ऐकत होत्या. उतरताना म्हणाल्या, 'त्या सुनेला माहेरी नका हो पाठवू.' मी पाठवली नाही. कथा त्यामुळे बरी झाली हे कबूल करते, पण पद्धत म्हणून शिफारस करणार नाही.

लॉजच्या खोलीत कोंडल्यासारखं होतं, कारण बहुतेक खोल्या झोपण्यासाठी आणि टीव्ही बघण्यासाठीच मांडलेल्या असतात. बुकिंगच्या वेळी फोनवर विचारा, टेबल-खुर्ची आहे का? 'आहे' म्हणाले तर पुढे विचारा, ड्रेसिंग टेबल की साधं? ड्रेसिंग टेबलापुढे बसून लिहिणं म्हणजे तीन तास स्वतःच्या तोंडाकडे बघणं. खाली मंगल कार्यालय आहे का, हेही विचारा. लग्नसराईत नवरदेवाच्या वरातीपुढे कुठल्याच दीर्घकथेचा टिकाव लागत नाही. एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड आणि चिमट्याने लावायचा दिवा बॅगेत ठेवा, कारण लॉजमधल्या पिवळ्या बल्बखाली तासाभरात डोळे चुरचुरतात. पलंगावर बसून लिहू नका. पलंग जिंकतो.

एकदा एका जिल्ह्याच्या गावी, नाव नको, मी रात्री बारापर्यंत दिवा लावून बसले होते. मॅनेजरने दोनदा फोन करून विचारलं, 'मॅडम, तब्येत बरी आहे ना?' तिसऱ्यांदा वेटर दारात. एकटी बाई, रात्रभर दिवा, टीव्ही बंद, त्यांना काय काय वाटलं असेल ते मला कळत होतं. तेव्हापासून मी खोली घेतानाच सांगायचे, रात्री ऑफिसचं काम आहे, दार वाजवू नका. आणि हळूहळू रात्रीचं बंदच केलं. पहाटे पाच ते सात लॉज झोपलेला असतो, चहाही मिळत नाही, उठून जाणार कुठे!

आता ज्यासाठी हे पत्र लांबवतेय ते. तुमच्या फेरीतल्या गावांकडे एकदा वाचनालयं म्हणून बघा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. आपल्या ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्यांच्या मानाने धाकटं, १८९३ चं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सरकारी अनुदान मिळू लागलं, त्यामुळे तालुक्याच्या गावीही बहुधा एखादं वाचनालय तग धरून असतं. आपण यांच्यावरून रोज जातो आणि चांगली जागा मिळत नाही म्हणतो. सकाळी ज्येष्ठ मंडळी पेपरवर तुटून पडलेली असतात, तेव्हा जाऊ नका. अकराच्या सुमारास सामसूम होते. दुपारी कुठे कुठे कुलूप असतं, म्हणून आधी फोन करा. आत गेल्यावर ग्रंथपालांना सरळ सांगा, बाहेरगावची आहे, दोन तास बसून लिहायचंय. मला एकदाही नाही म्हटलेलं नाही. उलट एका ठिकाणी जुन्या दिवाळी अंकांचं कपाट उघडून दिलं, आणि त्या दिवशी मी एक ओळही लिहिली नाही. तेवढं सांभाळा. पंख्याखाली बसू नका, पानं उडतात.

रत्नागिरीत एक अडचण येईल. स्टेशन गावाबाहेर आहे आणि वाचनालय गावात, रिक्षाचा वेळ धरा.

वाचनालयात जागा नसेल तर अभ्यासिका. हल्ली लहान गावातही स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका निघाल्यात. फी महिन्याची असते, पण विचारलं तर कुणी कुणी दिवसाचेही पैसे घेतात. मागे भाचीच्या बाळंतपणासाठी सांगलीला गेले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेत गेले. प्रत्येकाला पार्टिशन घातलेलं छोटं टेबल, डोक्यावर ट्यूबलाइट, पायाशी प्लग. माझ्या पार्टिशनवर आधीच्या पोराने वेळापत्रक चिकटवलं होतं, पहाटे साडेचारपासूनचं, आणि खाली लाल शाईत 'झोपू नकोस'. पन्नासेक पोरंपोरी, कुणी मान वर करत नव्हतं. अर्ध्या तासाने शेजारच्या मुलाने एक चिठ्ठी सरकवली. 'काकू, टायपिंगचा आवाज येतोय. प्लीज.' मी लॅपटॉप मिटला आणि वही काढली. त्या दिवशी सात पानं झाली, माझ्या हिशेबात तो विक्रम आहे. तिथे उठायची लाज वाटते हो. अख्खी खोली बसलेली असताना आपण चहाला कसं उठायचं?

दोन वाजता सगळे बाहेर आले. चिठ्ठीवाला मुलगा टपरीवर भेटला. विचारलं, 'काकू, कुठली पोस्ट?' मी म्हटलं, 'कथा लिहितेय.' तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, 'त्याला वयाची अट नसते ना?'

हॉटेलाबद्दल थोडक्यात. संकोच तुमचा नाही, वेळेचा आहे. साडेबारा ते तीन कुणीच टेबल अडवू नये, 'जास्त वेळ बसू नये' ही पाटी उगाच नसते. सकाळी दहा ते बारा किंवा दुपारी तीननंतर, चारच्या आत जा, गल्ल्यावरून दिसेल अशा जागी बसा, पाऊण तासाने काहीतरी मागवा, वेटरला टिप आधीच द्या. हायवेवरच्या फॅमिली रूममध्ये बसू नका, तिथे पडद्याआड एकटं बसलं की जास्त विचारपूस होते.

राहता राहिलं आपलं ठाणं आणि नवी मुंबई. ठाण्याला गाडीला दोन तास असतील तर स्टेशनवरून चालत ग्रंथसंग्रहालयात जा. तलावपाळी संध्याकाळी फक्त भेळ खायला आणि कोपिनेश्वराला हात जोडायला. उपवन सकाळी आठच्या आत ठीक, नंतर सेल्फी. वाशीचं मिनी सीशोअर जोडप्यांसाठी आणि चालायला येणाऱ्यांसाठी राखीव समजा. पनवेलला गाडी लेट असेल तर बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसा, तिकीट हातात असलं की तिथून कुणी हलवत नाही. रात्री उशिरा फलाटाच्या टोकाला बसू नका, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि एक आगाऊ सुचवणी. घरी असाल त्या दिवशीही प्रवासच करा. घणसोलीहून ठाणं म्हणजे रबाळे, ऐरोली, दिघा आणि संपलं, वही उघडेपर्यंत उतरायची वेळ. उलट बाजूला पनवेलची थेट गाडी पकडा. पाऊण तास धरा. सुट्टीच्या शनिवारी दुपारी लेडीज डब्यात बसायला मिळतं. रिटर्न तिकीट काढा, पनवेलला फलाटावर चहा घ्या, परत बसा. दीड तास लिहिणं झालं आणि कुकरची एकही शिट्टी ऐकू आली नाही. घरी विचारलं तर पनवेलला काम होतं म्हणा, ते खोटं नाही. रविवारी मात्र मेगाब्लॉक आहे का बघून निघा. एकदा मी तुर्भ्याला अडकले होते. तेव्हा मात्र एक शब्द सुचला नाही, कारण गाडी कधी सुटेल याकडेच सगळं लक्ष.

तसंच तुमच्या मशीनचं आहे. कॅलिब्रेशन लावून लॅबमध्ये तासभर बसावं लागतं, तो वेळ लिहायला वापरावा असं तुम्हाला वाटत असणार. वापरू नका. कान बीपकडे असतात. ते उठणं तुमचंच आहे. तेव्हा पेपर वाचा.

ऑगस्टअखेर म्हणजे अजून सात आठवडे, त्यात तुमच्या फिरतीचे सोळा-सतरा दिवस. कथा चाळीस पानांची धरली तर उरली एकोणतीस. दिवसाला पावणेदोन पानं पडतात, बसल्या जागेवरून न उठता तासाभरात होणारं काम आहे. मोठं टेबल शोधत बसू नका. स्टेशनरीच्या दुकानातून परीक्षेचं पॅड घ्या, हार्डबोर्डचं, वर स्टीलची चाप असलेलं. माझ्या पॅडच्या मागे बारापर्यंत पाढे छापलेले आहेत. ते मांडीवर घेतलं की परळी काय आणि परळ काय.

पानाच्या कोपऱ्यात जागा आणि वेळ लिहायला लागा. महिन्याभराने चाळा, तुम्हाला कुठली जागा मानवते ते माझ्यापेक्षा ती पानं नीट सांगतील. कदाचित तुमची जागा नाशिकची एखादी लॅबबाहेरची बाकडी निघेल.

पावसाळा आहे, जेल पेन नेऊ नका, बॉलपेन न्या. साताऱ्याच्या पुढे एसटीच्या खिडकीतून एकच सर आत आली आणि मांडीवरच्या वहीतलं माझं अख्खं पान निळं झालं. ते मी कराडच्या स्टँडवर पुन्हा लिहिलं. कॅन्टीनमागचं बाकडं म्हटलं ना, तेच पान. कोपऱ्यात कंसात 'दुसऱ्यांदा' लिहिलेलं आहे.

तुमची,
ताई